पायाचा हुंकार

सोनपेठला बाजाराच्या मागच्या गल्लीत श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी सांगायचा मान गोजरबाईचा होता. हा मान तिला कुणी दिला नव्हता, त्यामुळे तो काढून कसा घ्यायचा हेही कुणाला माहीत नव्हतं. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, आणि नावडती राणी रानात निघाली की ऐकणाऱ्यांच्या आधी सांगणारीचेच डोळे भरायचे. बायका मुठीत तांदूळ धरून तिच्याभोवती बसायच्या आणि मधूनमधून 'हूं' म्हणायच्या. चारठाण्याला माहेरी आईने तिला दोन नियम घालून दिले होते. हुंकार थांबला की सांगणारीने थांबायचं, कारण मग ऐकणारी एक तर झोपली आहे, नाहीतर तिचं चित्त चुलीवरच्या दुधात आहे. आणि कहाणी अर्ध्यावर टाकून कुणी उठायचं नाही. अर्धी कहाणी माणसाच्या मागेमागे येते आणि सुखाने जेवू देत नाही, असं आई म्हणायची. गोजरबाईने साठी ओलांडली तरी हे खरंच मानलं होतं.

गेल्या श्रावणात मात्र घोटाळा झाला. कहाणी संपली, तांदूळ वाहून झाले, बायका उठल्या आणि गोजरबाई बसलेलीच राहिली. मोडेन पण वाकणार नाही असं म्हणणारी माणसं जगात असतात. तिच्या गुडघ्याचं उलटं होतं. तो एकदा वाकला की सरळ व्हायला तयार नव्हता. शेवटी कमलबाई आणि पिंकी या दोन शेजारणींनी काखेत हात घालून, कापसाचं गाठोडं उचलावं तसं तिला उचललं. एवढ्यावर भागलं असतं, पण समोरच सुलाबाई उभी होती.

"गोजरबाई, तुमची लय तकलीप व्हायलीय," सुलाबाई म्हणाली. "पुढच्या साली खुर्चीवर बसून सांगा. न्हाईतर मी सांगते की."

खुर्चीचा प्रश्नच नव्हता. देव खाली पाटावर आणि सांगणारी वर खुर्चीत, हे कोणत्या शास्त्रात बसतं? राहिली सुलाबाई. तिच्या कहाणीत राजा आधी मरायचा आणि मग शिकारीला जायचा. आपल्या माघारी त्या गोष्टींचे असे हाल होणार, या विचाराने गोजरबाईला गुडघ्यापेक्षा जास्त कळ लागली.

उन्हाळा लागता लागता मुलगा रविकांत तिला परभणीला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी फोटो पाहिला, गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं की झीज आहे, पण एवढ्यात ऑपरेशन नको. मांड्यांमध्ये ताकद आणा, रोज चाला.

चालणं दोन-चार दिवसांतच बारगळलं. त्यात गोजरबाईचा दोष नव्हता. गल्लीतून बाई रिकाम्या हाताने चालत निघाली की प्रत्येक दारातून "कुठं निघालाव?" हा सवाल यायचाच. "कुठंच न्हाई" म्हणावं तर समोरची म्हणायची, मग बसा की, चहा घ्या. गोजरबाई अर्धी गल्ली चालून, पोटभर चहा पिऊन, सगळ्यांच्या सुनांची खबर घेऊन परत यायची. पुढे ऊन असं तापलं की सकाळचं चालणंही बंद झालं.

मग रविकांतने जागेवरची सायकल आणली. ती पुढच्या खोलीत टीव्हीसमोर मांडली. गोजरबाईने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"जी सायकल कुठंच जात न्हाई, तिच्यावर बसून मी करू काय?"

"आई, पाय चालले म्हंजी झालं."

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, या सायकलीचे तेवढेही भरले नाहीत. लवकरच तिच्या दांडीवर लसणाच्या जुड्या लटकल्या आणि सीटवर नवऱ्याचं, म्हणजे वैजीनाथरावांचं धोतर वाळू लागलं. वैजीनाथराव म्हणाले की यंत्र मोठं कामाचं आहे, धोतराला सुरकुती पडत नाही.

हे सगळं सून पाहत होती. ज्ञानेश्वरी पोखर्णीची, कॉलेज केलेली, लग्न होऊन फार काळ लोटला नव्हता. कामाला वाघीण, पण तोंडातून शब्द म्हणून फुटायचा नाही. गोजरबाईची तिच्याबद्दल एकच तक्रार होती: घरात दुसरी बाई आहे की भिंत आहे, कळत नाही. ज्ञानेश्वरीने आधी भजनं लावून सासूला सायकलवर बसवलं. गोजरबाईला झोप लागली. मग सासू-सुनांची मालिका लावली, तर ती दुसऱ्याच मिनिटाला खाली उतरून टीव्हीपाशी गेली आणि त्यातल्या सासूला समजावू लागली.

तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीने खुनाचा सिनेमा लावला.

एका बंगल्यात पार्टी चाललेली, दिवे गेले, किंकाळी आली, दिवे आले तर बंगल्याचा मालक जिन्यावर उताणा. गोजरबाईचे पाय आपोआप थांबले. त्याबरोबर सिनेमाही थांबला. ज्ञानेश्वरीच्या हातात रिमोट होता.

"कामून बंद केलं?"

"आत्या, तुमीच म्हणता ना, हुंकार थांबला की सांगणारीनं थांबावं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "ह्याला तोंडाचा हुंकार ऐकू येत न्हाई. पायाचाच द्यावा लागतो."

एवढं लांब वाक्य सुनेच्या तोंडून गोजरबाई पहिल्यांदाच ऐकत होती. तिने सुनेकडे पाहिलं, जिन्यावरच्या मढ्याकडे पाहिलं आणि पाय मारायला सुरुवात केली. कहाणी सुरू झाली होती, ती अर्ध्यावर टाकून उतरणं तिच्या रक्तात नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर तिने पिक्चर थांबवायला लावला आणि स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ मागवले. मुठीत तांदूळ असल्याशिवाय तिला ऐकल्यासारखंच वाटेना.

खुनी सापडला तेव्हा पदर घामाने चिंब झाला होता आणि तांदूळ मुठीत तसेच होते. आता अडचण अशी की हे वाहायचे कुणाला? खुनाच्या गोष्टीचे तांदूळ देवाला चालणार नाहीत. इन्स्पेक्टरवर टाकावेत तर तो टीव्हीत. विचार करून तिने ते अंगणात चिमण्यांना टाकले आणि तीच रीत पुढे पडली. त्या उन्हाळ्यात त्या घरच्या चिमण्या चांगल्या गुबगुबीत झाल्या.

दुपारची जेवणं उरकली की लसूण, धोतर बाजूला व्हायचं आणि गोजरबाई स्वार व्हायची. पाठलाग असला की तिचे पाय मोटारीच्या पुढे पळायचे. खुनी पडद्यामागे दबा धरून बसला की तिचा श्वास अडकायचा, पाय अडकायचे आणि चित्र नेमकं सुरीवर थांबायचं. मग त्या सुरीच्या भीतीनेच पुन्हा पाय मारावे लागायचे. सीटवरून ती स्वयंपाकघरालाही हुकूम सोडायची, डाळ बघ, मांजर बघ. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते ज्ञानेश्वरीला त्या दिवसांत कळलं.

शेतातून आले की वैजीनाथरावही बाजेवर बसून पाहायचे. त्यांचा संशय नेहमी वकिलावर. एका सिनेमात वकीलच नव्हता, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी त्यो लपून बसलाय." गोजरबाईचे अंदाज वेगळ्या वाटेने जायचे.

"ह्या बाईनं मेलेल्याच्या घरात चहा केला," ती पाय मारत म्हणायची. "साखरेचा डबा कुठं हाय ते कुणाला इचारलं का? न्हाई. म्हंजी तिचं ह्या घरात येणंजाणं हाय."

कधी हे बरोबर निघायचं, बऱ्याचदा साफ चुकायचं. चुकलं की ती म्हणायची, सिनेमावाल्यांना संसार माहीत नाही. पण हळूहळू एक गोष्ट झाली. ओट्याला धरून का होईना, ती एकटी असताना खाली बसून उठू लागली. काही न धरता उठायची हिंमत मात्र होत नव्हती. प्रयत्न केला की गेल्या श्रावणातली सुलाबाई डोळ्यांसमोर उभी राहायची आणि हात आपोआप ओटा शोधायचा.

आषाढात एका दुपारी आभाळ भरून आलं होतं. टीव्हीवर डोंगरातल्या एका हॉटेलाची गोष्ट रंगात आली होती. दरड कोसळून रस्ता बंद, कोठीघरात स्वयंपाकी मरून पडलेला, सगळे पाहुणे म्हणतात की आम्ही खोलीबाहेर पाऊलही टाकलं नाही, आणि दाराशी एक छत्री ओली. इन्स्पेक्टर त्या छत्रीकडे वाकला आणि लाईट गेली.

पंखा थांबला, टीव्ही काळा पडला. ज्ञानेश्वरीने मोबाईलवर लावून पाहिलं, तर त्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. गोजरबाईने एक पाय खाली टाकला.

"आत्या, उतरू नका," ज्ञानेश्वरी घाईने म्हणाली. "पुढचं मी सांगते."

"तू बगितलाय का ह्यो?"

"व्हय. तुमी पाय मारा."

ती उंबऱ्यावर बसली आणि सांगू लागली. सुरुवातीला आवाज बारीक होता, शब्द चाचपडत येत होते. इन्स्पेक्टरने छत्री उघडली, आत एक बांगडीचा तुकडा सापडला. गोजरबाईने "हूं" म्हटलं, तोंडाने आणि पायाने दोन्ही. मग आवाजाला धार आली. इन्स्पेक्टर मागच्या दाराने निसटला, चिखलातून डोंगर उतरला, एका जीपला हात केला. जीपवाला एक शब्द बोलेना, त्याची मान नुसती सरळ. कुठे उतरू म्हणून इन्स्पेक्टरने विचारलं तर त्याने गाडी थांबवली ती थेट पोखर्णी फाट्यावर.

"पोखर्णीला कसा आला गं त्यो?" गोजरबाईने विचारलं.

"रस्ता चुकला, आत्या."

गोजरबाई काय समजायचं ते समजली. पण तिने पाय थांबवले नाहीत. भिंतीला वाचा फुटली होती, आणि काय फुटली होती. फाट्यावरून पुढे उसाचा फड, फडापलीकडे एकाचा आखाडा, म्हणजे शेतातली खोली. इन्स्पेक्टर आत शिरला, कडी लावली, अंधारात कडब्याला टेकून बसला. बाहेर पाऊस. पावसात बांगड्यांचा आवाज. आवाज दाराशी येऊन थांबला. मग दारावर थाप पडली, अगदी हळू, ओळखीच्या माणसाने मारावी तशी. त्याने फटीतून पाहिलं तर हिरव्या साडीतली बाई, हातात छत्री, आणि छत्रीतून पाणी गळतंय. त्याने कडीला हात घातला.

त्याच क्षणी लाईट आली. पंखा घरघरला, टीव्ही बोलू लागला आणि ज्ञानेश्वरी गप्प झाली.

खऱ्या सिनेमाचा शेवट अगदीच फुसका निघाला. खुनी म्हणून जो माणूस समोर आणला, तो त्याआधी कुणी पाहिलेलाच नव्हता.

"ह्यो कोण कुठला?" गोजरबाई कडाडली. "ह्येला काय अर्थ हाय? तुझंच बरं होतं. दारात कोण होती ती?"

"शेवट बगितला की आत्या आता."

"ह्यो त्यांचा. तुझी अर्धी ऱ्हायली."

ज्ञानेश्वरी पदराने तोंड पुसत चहा ठेवायला गेली. दुसऱ्या दिवशी गोजरबाईने विचारलं तेव्हा तिला गव्हात किडे दिसले. त्यानंतर विचारलं तेव्हा शेजारी काहीतरी आणायचं राहिलं होतं. अर्धी कहाणी मात्र आईने सांगितलं होतं तशीच वागू लागली. गोजरबाई भाकरी मोडायची आणि हिरवी साडी दिसायची. दुपारी नवे खून पाहताना, नवे पाठलाग पाहतानाही मनात कुठेतरी ती दारावरची थाप वाजत राहायची.

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. खोली सारवल्यासारखी लख्ख पुसलेली, पाटावर जिवतीचा कागद, पुढे दिवा, वाटीत फुटाणे. कोपऱ्यातल्या सायकलवर जुनं लुगडं टाकून ती झाकली होती, आणि झाकल्यामुळे ती जास्तच दिसत होती. गोजरबाईने गुपचूप बंदोबस्त केला होता. कमलबाईने उजवीकडे बसायचं, पिंकीने डावीकडे, आणि कहाणी संपली की बायकांची तांदूळ वाहायची गडबड चालू असताना पटकन उचलायचं. सुलाबाईच्या लक्षात यायच्या आत.

खाली बसणं निभावलं. भिंतीला नुसतं बोट लावलं, आणि बसली. मग तिने सुरुवात केली आणि बायकांना कळेना की आज काय वेगळं आहे. कहाणी तीच, नगर तेच, राणी तीच. पण सुईण पाटीवर फडकं टाकून मागच्या दाराने निघाली तेव्हा गोजरबाईने आवाज खाली आणला, एवढा खाली की सगळ्या पुढे सरकल्या. पाटीत काय आहे ते तिने लगेच सांगितलंच नाही. आधी कुत्रं भुंकवलं, मग पहारेकऱ्याला जागं केलं. वर्षानुवर्षं ऐकलेल्या कहाणीत आता काय होणार म्हणून कमलबाईने पिंकीचा हात घट्ट धरला. सुलाबाई हुंकार द्यायचीच विसरली, आणि तिला तो द्यायला लावूनच गोजरबाई पुढे गेली.

कहाणी संपली. तांदूळ वाहिले गेले. आता उठायची वेळ आली. कमलबाईने हात पुढे केलाच होता, पण सुलाबाई नेमकी समोर बसून फुटाणे खात होती आणि तिचे डोळे गोजरबाईच्या गुडघ्यावर होते. इतकं चांगलं सांगून शेवटी गाठोड्यासारखं उचललं जायचं, हे तिला सोसेना.

"लगेच कुठं निघालाव?" ती बायकांना म्हणाली. "बसा. आमच्या सुनंची एक ऐका. हॉटेलातल्या छत्रीची."

"हिची?" सुलाबाई म्हणाली. "ही बोलती का?"

ज्ञानेश्वरी लाजेने लाल झाली. पण सगळ्या तोंडांनी एकदम "सांग गं" म्हटल्यावर तिला सुटका उरली नाही. तिने छत्रीपासून सुरुवात केली. डोंगर, चिखल, मुकाट जीपवाला, पोखर्णी फाटा, उसाचा फड. खोलीत हुंकार एकसारखा येऊ लागला, आणि सगळ्यात मोठा हुंकार गोजरबाईचा. लुगड्याच्या निऱ्यांखाली तिचे पंजेही हलत होते. तिला सुनेचा असा अभिमान वाटत होता की जणू ही पोरगी तिच्याच पोटी जन्मली होती आणि फक्त वाढायला पोखर्णीला ठेवली होती. पाऊस आला, बांगड्या आल्या, थाप पडली, फट आली, हिरवी साडी आली. इन्स्पेक्टरने कडीला हात घातला.

ज्ञानेश्वरी थांबली.

"हूं," गोजरबाई म्हणाली.

"हूं," सगळ्या म्हणाल्या.

"बाकीचं पुढच्या शुक्रवारी," ज्ञानेश्वरी पुटपुटली आणि उठून झपझप स्वयंपाकघरात गेली.

बायकांमध्ये एकच कालवा झाला. कमलबाई म्हणाली हा कुठला न्याय, पिंकी म्हणाली मला आज घास उतरणार नाही. गोजरबाईचा तर संताप संताप झाला. आषाढापासून ही थाप डोक्यात वाजतेय, आणि आज देवासमोर, तांदळासमोर, पुन्हा तिथेच? कहाणी अर्ध्यावर टाकून ही उठलीच कशी? तिने पदर खोचला आणि तरातरा सुनेच्या मागे गेली.

ज्ञानेश्वरी ओट्यापाशी उभी होती. चेहरा कावराबावरा.

"ही काय रीत झाली?" गोजरबाईने विचारलं. "दारात कोण होती ते आत्ता सांग."

"आत्या, रागावू नका," ज्ञानेश्वरी म्हणाली. "खरं सांगू का? मला सवताला अजून ठाऊक न्हाई. लय दिवस झाले, शोधायलेय. सापडलं की आधी तुमालाच..."

बोलता बोलता तिची नजर खाली गेली, सासूच्या पायांवर, आणि तिथेच राहिली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "तुमाला कुणी उठवलं?"

गोजरबाईने मागे वळून पाहिलं. खोलीत कमलबाई आणि पिंकी अजून खालीच बसलेल्या होत्या, दोघींच्या मध्ये तिची जागा रिकामी होती, आणि कमलबाईचा हात तसाच पुढे होता. सुलाबाईच्या हातातले फुटाणे तोंडापर्यंत जायचे राहिले होते. गोजरबाईला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि क्षणभर तिला दोन्ही आवरेना. तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि पुन्हा सुनेकडे वळली.

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "चल, मी सायकलवर बसते. दार कुणी वाजवलं ते दोघी मिळून बघू."